उल्लेखांची वही आणि विद्वत्तेचे मोल : दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या संशोधनलेखनाचा आढावा



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गुणवंतांचे सत्कार होतात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि गुणवत्ता कशाने मोजावी हा प्रश्न निवड करणाऱ्यांपुढे प्रत्येक वेळी उभा राहतो. शालेय परीक्षेत गुणपत्रिका हाताशी असते. पदवीच्या पलीकडे, संशोधनाच्या क्षेत्रात, गुणपत्रिका नसते. तेथे दुसरेच एक मोजमाप प्रचारात आले आहे. संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतर संशोधकांनी त्या निबंधांचा किती वेळा उल्लेख केला, या दोन आकड्यांवरून त्याची योग्यता ठरविली जाते. नेमणुका, बढत्या, अनुदाने आणि विद्यापीठांची क्रमवारी यांत या आकड्यांना मोठे वजन आहे. म्हणूनच हे आकडे काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे एका थोर विद्वानाच्या उदाहरणावरून समजून घेणे उपयुक्त ठरेल. ते विद्वान म्हणजे गणित, सांख्यिकी, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि प्राचीन इतिहास अशा अनेक क्षेत्रांत लेखन करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी.

प्रथम या मोजमापाची रीत पाहू. संशोधक निबंध लिहितो तेव्हा ज्या पूर्वसूरींच्या कामाचा आधार घेतला, त्यांची यादी तो निबंधाच्या अखेरीस देतो. या नोंदीला 'सायटेशन' म्हणतात. मराठीत तिला संदर्भोल्लेख म्हणता येईल. व्यापारी भाषेत सांगायचे तर ही ऋणाची कबुली होय. लिहिणाऱ्याच्या खात्यात ती नावे पडते आणि ज्याचा आधार घेतला त्याच्या खात्यात जमा होते. अमेरिकेतील वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून अशी सूची होती. कोणत्या जुन्या निवाड्याचा आधार पुढच्या कोणत्या निवाड्याने घेतला, हे तीत पाहता येई. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून विज्ञानासाठीही तशीच सूची करावी, असे सुचविले. १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' विक्रीस आणला. हेतू असा होता की, एखाद्या कल्पनेचा पुढे कोठे कोठे उपयोग झाला, याचा माग संशोधकांना सहज लागावा.

माग काढण्याची ही वही हळूहळू माणसे तोलण्याचा तराजू बनली. २००४ मध्ये 'गूगल स्कॉलर' आल्यावर कोणाचीही उल्लेखसंख्या घरबसल्या पाहता येऊ लागली. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 'एच निर्देशांक' सुचविला. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळाले असतील, पण अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक दहा होतो. मोजणी सुटसुटीत असल्यामुळे ती झपाट्याने रूढ झाली.

परंतु या मोजणीत आरंभापासून एक अडचण आहे. गणितज्ञांच्या संदर्भयाद्या आखूड असतात आणि त्यांचे निबंधही संख्येने थोडे असतात. वैद्यक व जीवशास्त्रातील याद्या लांबलचक असतात. इतिहासकार आणि संस्कृतज्ञ बहुधा ग्रंथ लिहितात, तर या सूच्यांचा भर नियतकालिकांवर असतो. मांजरपाट मीटरवर विकला जातो आणि पैठणी नगावर. दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात मांडून बेरीज केली, तर ती अंकगणिताने बरोबर आणि व्यवहाराने निरर्थक ठरते. एकाच माणसाने अनेक क्षेत्रांत काम केले असेल, तर ही विसंगती अधिक ठळकपणे दिसते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध विद्येचे जगन्मान्य पंडित होते. जैन समाजाने त्यांचे स्मरण ठेवावे याला विशेष कारण आहे. भगवान पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयी त्यांना नितांत आदर होता. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हा त्यांचा मराठी ग्रंथ त्याची साक्ष देतो. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. वडिलांना हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनाचे काम असल्यामुळे १९१८ मध्ये दामोदर त्यांच्यासह अमेरिकेस गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत मिळविली. त्यानंतर बनारस व अलीगढ येथे त्यांनी अध्यापन केले, पुढे १९४५ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि तेथून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते होते. पुण्यात राहून ते 'डेक्कन क्वीन'ने मुंबईस ये-जा करीत. पीएच.डी. ही पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. उल्लेखांची सूची बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. म्हणजे ज्या वहीत त्यांचे मोल आज पाहिले जाते, ती वही त्यांच्या हयातीत जवळजवळ अस्तित्वातच नव्हती.

त्यांचे पहिले क्षेत्र गणित. अवकल समीकरणांनी ठरणाऱ्या मार्गांची भूमिती हा त्यांचा तरुणपणीचा विषय होता. १९३३ मध्ये जर्मनीतील 'माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट' या प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा अकरा पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच अंकात लगेच पुढे फ्रान्सचे थोर भूमितिज्ञ एली कार्तां यांचे या निबंधावरील चार पृष्ठांचे निरीक्षण छापलेले आहे. पंचविशीतील एका भारतीय तरुणाच्या निबंधाची दखल कार्तांसारख्या आचार्याने अशा रीतीने घेणे, हा त्या काळी केवढा मान होता, याची कल्पना करता येईल. १९३९ मध्ये चीनचे शिंग-शेन चर्न यांनी हा विषय पुढे नेला. आज तो 'कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धान्त' या नावाने ओळखला जातो आणि भौतिकशास्त्र व जीवशास्त्रातील समीकरणांच्या स्थैर्याचा अभ्यास करताना वापरला जातो. उल्लेखांच्या वहीत कार्तां यांच्या त्या चार पृष्ठांची किंमत एक उल्लेख एवढीच होते. कोणी अनाम लेखकाने यादी लांबविण्यासाठी केलेल्या उल्लेखाचीही तेवढीच.

दुसरे क्षेत्र सांख्यिकीचे. १९४३ मध्ये 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'च्या नियतकालिकात त्यांचा 'फलन-अवकाशातील सांख्यिकी' या विषयावरील निबंध आला. त्यातील कल्पना साध्या भाषेत अशी सांगता येईल. बाजारभावाचा वर्षभराचा आलेख किंवा दिवसभराच्या तापमानाची रेषा घेतली, तर ती प्रत्येक वर्षी अथवा प्रत्येक दिवशी निराळी येते. अशा असंख्य वक्ररेषांचे वर्णन मोजक्या मूलभूत रेषा योग्य प्रमाणात मिसळून करता येते, आणि त्या मूलभूत रेषा कोणत्या हे गणिताने काढता येते. त्यानंतरच्या काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. जगभरातील पाठ्यपुस्तकांत त्याला 'कारहुनेन-लोएव्ह विस्तार' हे नाव मिळाले. प्रवाही पदार्थांतील खळबळीचा अभ्यास, चित्रांची माहिती थोडक्या जागेत साठविणे, चेहरे ओळखणारी संगणकीय तंत्रे अशा अनेक ठिकाणी ही पद्धत उपयोगी पडली. परंतु जमेचा आकडा दुसऱ्या दोन नावांवर चढत गेला.

यात कोणी कोणाचे चोरले असे नाही. दुसरे महायुद्ध चालू होते, भारतीय नियतकालिक युरोपात पोहोचणे दुरापास्त होते. २०११ मध्ये ज्येष्ठ वैज्ञानिक रोद्दम नरसिंह यांनी 'रेझोनन्स' मासिकात लेख लिहून कोसंबींच्या या अग्रक्रमाकडे लक्ष वेधले. आता काही लेखक तिघांचीही नावे एकत्र घेतात. सहा-सात दशके जी जमा नोंदली गेली नाही, ती मात्र आता मागच्या तारखेने वहीत चढविता येत नाही.

याउलट तिसऱ्या क्षेत्रातील प्रकार. १९४४ मध्ये ब्रिटनमधील 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात कोसंबींचा आनुवंशिकीवरील एक निबंध आला. निबंध अवघ्या चार पृष्ठांचा. गुणसूत्रावर जनुके मण्यांप्रमाणे एका ओळीत असतात. दोन जनुकांतील अंतर पट्टीने मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून विलग होतात, यावरून ते अनुमानाने काढावे लागते. अंतर वाढले की दोघांच्या मधे दोनदा अदलाबदल होऊन विलग झालेली जनुके पुन्हा एकत्र येण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी मोजणी चुकते. १९१९ मध्ये हॉल्डेन यांनी यासाठी एक सूत्र दिले होते. एका जागी झालेल्या अदलाबदलीचा शेजारच्या जागेवर काही परिणाम होत नाही, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याचा संभव घटतो. कोसंबींनी ही गोष्ट हिशेबात घेऊन नवे सूत्र दिले.

उदाहरणार्थ, दोन जनुके शंभरात वीस वेळा विलग होत असतील, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने त्यांतील अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. हा फरक लहान वाटला, तरी संपूर्ण गुणसूत्राचा नकाशा काढताना तो वाढत जातो. १९८० च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने पिकांचे जनुकीय नकाशे काढणे सुरू झाले, तेव्हा त्या आज्ञावल्यांत कोसंबींच्या सूत्राचा समावेश झाला. भात, गहू, टोमॅटो अशा कितीतरी पिकांच्या नकाशांवर 'कोसंबी फलन वापरले' अशी नोंद आढळते. परिणाम असा की, कोसंबींच्या खात्यावरील सर्वांत मोठी जमा या चार पृष्ठांच्या नावावर आहे. तिचे उल्लेख हजारांत मोजावे लागतात. हे सूत्र वापरणाऱ्या कित्येकांना लेखक इतिहासकार व संस्कृतज्ञही होता, याची वार्ताही नसेल.

येथे थोडे थांबून विचार करावा. केवळ आकड्यांवरून निर्णय द्यायचा झाल्यास कोसंबी हे मुख्यतः आनुवंशिकीतज्ज्ञ ठरतील. वस्तुतः त्या विषयात त्यांचा मुक्काम अल्पकाळाचा होता. एका व्यावहारिक अडचणीवर त्यांनी गणिती उपाय दिला आणि ते पुढे गेले. उपाय सोपा होता, नेमका होता आणि पुष्कळांना रोज लागणारा होता. अशा उपायाचे उल्लेख खूप होतात. भूमितीतील निबंध समजून घेण्यासच वर्षे लागतात आणि तो समजणारे जगात थोडे असतात. त्याचे उल्लेख स्वाभाविकपणे कमी होतात. आकड्यांतील हा फरक त्या त्या विषयाची पेठ किती मोठी आहे, एवढेच सांगतो.

चौथे क्षेत्र व्यापाऱ्यांना अधिक जवळचे वाटेल. प्राचीन भारतातील चांदीची आहत नाणी कोसंबींनी तराजूत घालून एकेक करून तोलली. या नाण्यांच्या दर्शनी बाजूस ठसे असतात आणि मागील बाजूस लहान लहान खुणा. नाणे हातोहात फिरले की झिजते, आणि काही नाणी जास्त तर काही कमी झिजल्यामुळे त्यांच्या वजनांतील तफावतही वाढत जाते, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. तो पारखून घेण्यासाठी त्यांनी आधी आपल्या काळातील चलनी नाणी तोलून पाहिली आणि १९४२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यावर लिहिले. तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांमध्ये मागील खुणा जितक्या अधिक तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. त्यावरून त्या खुणा ठरावीक काळाने नाणी तपासणाऱ्या व्यापाऱ्यांनी किंवा श्रेणींनी उमटविल्या असाव्यात, असे अनुमान त्यांनी काढले. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे नाणकशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले. परंतु नाण्यांच्या ढिगातून इतिहासाचा हिशेब सांख्यिकीने काढता येतो, ही दृष्टी त्यांनी दिली. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'ने या विषयावरील त्यांचा लेख छापला. नाणकशास्त्राचे अभ्यासक जगात किती असणार? त्यामुळे हजारो नाणी तोलण्याच्या या परिश्रमाची उल्लेखांच्या वहीतील जमा त्या चार पृष्ठांच्या तुलनेने किरकोळ आहे.

पाचवे क्षेत्र संस्कृत पाठचिकित्सेचे, आणि येथे जैन परंपरेचा थेट संबंध येतो. भर्तृहरीच्या नावावरील शतके भारतभर शेकडो हस्तलिखितांत विखुरलेली होती आणि प्रत्येक प्रतीतील श्लोक निराळे होते. कोसंबींनी ठिकठिकाणच्या प्रती मिळवून त्यांची वंशावळ लावली आणि सर्व परंपरांना समान असणाऱ्या २०० श्लोकांचा गट वेगळा काढला. ही चिकित्सित आवृत्ती १९४८ मध्ये 'सिंघी जैन ग्रंथमाले'त प्रसिद्ध झाली. कलकत्त्याचे बहादुरसिंहजी सिंघी यांच्या दातृत्वातून उभी राहिलेली आणि मुनी जिनविजयजी यांनी संपादित केलेली ही ग्रंथमाला. संपादक जैन मुनी, काव्य वैराग्यशतकासह भर्तृहरीचे आणि अर्पणपत्रिका मार्क्स, एंगेल्स व लेनिन यांना! मतभेद बाजूस ठेवून विद्येला आश्रय देण्याचे हे औदार्य आजही अनुकरणीय आहे. १९५९ मध्ये याच ग्रंथमालेत कोसंबींनी जैन विद्वान धनसारगणी यांच्या प्राचीन टीकेसह शतकत्रयाची आवृत्ती काढली. जैन मुनींनी आणि ग्रंथभांडारांनी शतकानुशतके पोथ्या उतरवून व जपून ठेवल्या नसत्या, तर अशा कामास लागणारी सामग्री कितीतरी अपुरी राहिली असती.

दरम्यान १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोश' या सतराशेहून अधिक श्लोकांच्या संग्रहाचे संपादन केले. ते हार्वर्डच्या पौर्वात्य ग्रंथमालेचा बेचाळिसावा खंड म्हणून निघाले. त्याच मालेतील एक्केचाळिसावा खंड, 'विसुद्धिमग्ग', हा त्यांचे वडील धर्मानंद यांच्या हातून संस्कारित झालेला होता. लागोपाठच्या दोन खंडांवर पिता-पुत्रांची नावे असावीत, हा योग विरळा. उल्लेखांच्या सूचीत मात्र पोथीच्या एकेका पाठभेदामागील श्रमाला रकानाच नाही. जो कोणी आज भर्तृहरीवर लिहितो तो कोसंबींच्या आवृत्तीचा श्लोकक्रमांक देऊन पुढे जातो. सूची करणाऱ्या यंत्राच्या हाती ते क्रमांक लागत नाहीत.

सहावे क्षेत्र इतिहासाचे. १९५६ मध्ये मुंबईहून त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये 'मिथ अँड रिअॅलिटी' आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांवरील ग्रंथ आला. राजांच्या सनावळ्यांऐवजी शेतीची अवजारे, जमिनीची मालकी, व्यापारी मार्ग आणि गावोगावच्या देवतांची ठाणी यांवरून इतिहास वाचण्याची रीत त्यांनी घालून दिली. रामशरण शर्मा, रोमिला थापर यांच्यासारख्या पुढील पिढीच्या इतिहासकारांवर त्यांचा प्रभाव सर्वमान्य आहे. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वांना मान्य झाले असे नाही. ग्रंथांतील उल्लेख मोजणारी व्यापारी सूची २०११ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंचेचाळीस वर्षांनी. ज्या क्षेत्रामुळे सामान्य वाचक कोसंबींना ओळखतो, त्या क्षेत्राचा बराचसा हिशेब त्या वहीबाहेरच राहिला होता.

या आढाव्यात दोन नोंदी अशा आहेत, ज्या वगळल्या तर चित्र एकांगी होईल. पहिली नोंद विनोदाची आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी अलीगढ येथे फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल हे कोसंबींचे सहकारी होते. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एका निबंधात 'बुर्बाकी' नावाच्या कल्पित रशियन गणितज्ञाचा प्रमेय विस्तारल्याचे दाखविले आणि तो अलाहाबादच्या एका नियतकालिकात छापूनही आला. पुढे काही वर्षांनी फ्रेंच गणितज्ञांच्या एका मंडळाने 'बुर्बाकी' हेच सामूहिक टोपणनाव धारण केले आणि ते विसाव्या शतकातील गणितात अजरामर झाले. अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा उल्लेख वहीत बिनतक्रार चढू शकतो, हे यावरून दिसते.

दुसरी नोंद दुःखाची आहे. रीमान यांचे १८५९ मधील अनुमान हा गणितातील अत्यंत कठीण प्रश्न होय; तो आजही सुटलेला नाही. १९५९ मध्ये कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने तो सोडविण्याचा प्रयत्न केला आणि तो निबंध भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अविभाज्य संख्यांवरील निबंधासाठी ते स्थान विचित्रच होते. सिद्धतेत दोष होता. ती टिकली नाही. गणितज्ञ म्हणून त्यांच्या लौकिकास याने मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्यानंतर अविभाज्य संख्यांवरील काही निबंध त्यांनी 'एस. डूक्रे' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. स्वतःच्या नावावर जमा होऊ शकणारे लेखन त्यांनी अशा रीतीने दुसऱ्या खात्यावर टाकले. शेवटची सुमारे दोन वर्षे ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्यात काम करीत होते.

या सर्व नोंदी एकत्र ठेवल्यावर दिसते ते असे. सर्वांत मोठा आकडा सर्वांत उपयुक्त सूत्राचा आहे. दूरगामी कल्पनेचा आकडा दुसऱ्यांच्या नावावर गेला. सर्वांत कष्टाचे संपादन जवळजवळ न मोजलेले राहिले. समाजावर अधिक परिणाम करणारे ग्रंथ उशिरा आणि अर्धवट मोजले गेले. म्हणजे ही वही खोटी नाही, पण ती फक्त कबूल केलेल्या ऋणाची नोंद ठेवते. जे ऋण कोणी कबूल केले नाही, किंवा जे इतके अंगवळणी पडले की सांगण्याची गरज उरली नाही, ते तीत सापडत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हेच सांगितले होते की, फार मोठ्या कल्पना ज्ञानात विरघळून जातात आणि मग त्यांच्या जनकाचे नाव कोणी घेत नाही.

वहीवरूनच पत ठरू लागली की वहीत खोट्या नोंदी शिरतात, हा अनुभव व्यापारात जुना आहे. विद्याक्षेत्रातही तेच घडले. एकमेकांचे उल्लेख ठरवून करणे, गरज नसताना स्वतःचेच जुने निबंध नमूद करणे, पैसे मोजून तयार निबंध विकत घेणे असे प्रकार उघडकीस आले. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. याची जाणीव विद्वानांनाही झाली आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेतून निघालेल्या जाहीरनाम्याने, निबंध कोणत्या नियतकालिकात छापला याच्या गुणांकावरून संशोधकाची योग्यता ठरवू नये, असे स्पष्ट सांगितले. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या 'लायडन जाहीरनाम्या'ने यासाठी दहा तत्त्वे दिली. तज्ज्ञांनी काम वाचून केलेला निर्णय मुख्य असावा, आकडा त्याच्या मदतीस असावा आणि वेगवेगळ्या क्षेत्रांतील आकड्यांची तुलना करताना त्या क्षेत्रांची रीत लक्षात घ्यावी, हे त्यांतील सार आहे.

उच्च शिक्षणासाठी साहाय्य देणाऱ्या धर्मादाय संस्थांनीही हे ध्यानात घ्यावे. अर्जदाराच्या निबंधांची संख्या अवश्य पाहावी. पण गणिताच्या विद्यार्थ्याची तुलना वैद्यकाच्या विद्यार्थ्याशी करू नये, आणि प्राकृत हस्तलिखितांवर काम करणाऱ्यास केवळ आकडा लहान म्हणून मागे ठेवू नये. त्याच्या कामातील एखादा निबंध त्या विषयाच्या जाणकाराकडून वाचून घ्यावा. निकालास लागणारा काळही लक्षात घ्यावा. चार पृष्ठांचे ते सूत्र सार्वत्रिक वापरात येण्यास चाळीस वर्षे गेली. संशोधन करणाऱ्या तरुणांनीही एक पथ्य पाळावे. ज्याचा आधार घेतला त्याचे नाव प्रामाणिकपणे लिहावे, आणि जे नाव इतरांनी गाळले असेल ते शोधून लिहावे. परक्याची वस्तू न घेण्याच्या व्रतात परक्याचे श्रेयही येते, असे मानण्यास हरकत नसावी.

३१ जुलै २००८ रोजी भारतीय डाक विभागाने कोसंबींच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी त्यांच्या गणित व सांख्यिकीतील निवडक निबंधांचा खंड संपादित केला. निरनिराळ्या देशांच्या जुन्या अंकांत विखुरलेले हे निबंध त्यामुळे प्रथमच एका जागी वाचावयास मिळू लागले. हा खंड उघडून पाहणाऱ्याला उल्लेखांची संख्या पाहावी लागत नाही. निबंध समोर असतात. विद्यार्थ्यांपैकी ज्यांना गणिताची गोडी आहे, त्यांनी तो खंड मिळवून त्यातील १९४४ चा चार पृष्ठांचा निबंध तरी अवश्य वाचावा, आणि ज्यांना संस्कृतची गोडी आहे त्यांनी सिंघी ग्रंथमालेतील भर्तृहरी ग्रंथालयातून काढून पाहावा.